व्हिक्टोरियाच्या लाल मातीसाठी सोन्याचा डिटेक्टर: जीपीएक्स ६००० आणि त्याच्या आसपासची मशीन

दुकानाच्या काउंटरवर डिटेक्टर विकताना एक खेळ हमखास होतो. मशीन सुरू करायचं, कॉइल (दांड्याच्या टोकाची, तारेची गुंडाळी असलेली चकती) टेबलाबाहेर धरायची आणि तिच्यासमोर वीतभर अंतरावरून सोन्याची अंगठी फिरवायची. मशीन किणकिणतं, गिऱ्हाईक खूश. या चाचणीतून मशीन चालू आहे एवढंच कळतं, कारण हवेत लोह नसतं. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात, मेलबर्नच्या वायव्येला दोन-अडीच तासांवर ड्यूनॉली, मोलिआगुल, टार्नागुला, किंगोअर, वेडरबर्न असा जो ‘गोल्डन ट्रँगल’चा पट्टा आहे, तिथल्या लाल मातीत ते पोत्यांनी असतं. अंगठीच्या मानाने सोन्याचा खडा कितीतरी लहान. तो चार बोटं खाली असला, तर बरीच मशीन त्याच्यावरून मुकाट पुढे जातात. काही त्याच्याही पुढची: जिथे काहीच नाही तिथे ओरडत राहतात.

म्हणून आधी माती. कोकणातला जांभा पाहिलेल्या माणसाला ही जमीन फार समजावून सांगावी लागत नाही. तोच गंजका लाल रंग, मिरीपासून बोरापर्यंतच्या आकाराचे तपकिरी-काळे गोल खडे, आणि अधूनमधून पांढरी गारगोटी. डिटेक्टरच्या दृष्टीने मात्र या लाल मातीत दोन वेगवेगळी दुखणी आहेत. पहिलं मॅग्नेटाइटचं. रत्नागिरीच्या काळ्या वाळूत चुंबक फिरवला की त्याला जी दाढी चढते, त्याच जातीचं हे खनिज. कॉइलचं चुंबकीय क्षेत्र ते लगेच वाढवतं, पण क्षेत्र बंद झालं की तेही लगेच गप्प बसतं. दुसरं मॅगेमाइटचं. वणव्यात भाजलेल्या मातीत ते तयार होतं, आणि त्याचे अतिसूक्ष्म कण क्षेत्र बंद झाल्यावरही आपलं चुंबकत्व रेंगाळत सोडतात. नेमकं हेच धातूही करतो: त्याच्यात उठलेला विद्युतप्रवाह क्षेत्र बंद झाल्यावर हळूहळू विरत जातो. मशीनला दोन्ही सारखेच ऐकू येतात. साधारण डिटेक्टर लाल मातीत गोंधळतो तो या दुसऱ्या दुखण्यामुळे.

जमीन किती वाईट आहे हे पाहायला महागडं उपकरण लागत नाही. जोरकस चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मातीतून ओढा. पिशवीला काळी दाढी लोंबू लागली तर मॅग्नेटाइट भरपूर. मॅगेमाइटचा त्रास किती हे या चाचणीत सुटं कळत नाही. त्यासाठी कॉइल हवी. धातू नसलेल्या जागी कॉइल जमिनीपासून वीतभर वर उचलायची आणि दोन बोटांवर आणायची, सावकाश, आठ-दहा वेळा. ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीचा आवाज वजा करण्याची जुळवणी, बसला की वर-खाली होताना आवाज सपाट राहायला हवा. दोन पावलं सरकल्यावर तो पुन्हा बिघडत असेल, तर ती जमीन साध्या मशीनची नाही.

साधं मशीन म्हणजे व्हीएलएफ (व्हेरी लो फ्रीक्वेन्सी). यात कॉइल सतत लहरी सोडते आणि त्याच वेळी ऐकतेही. सोन्यासाठीच्या व्हीएलएफ मशीनची वारंवारिता मुद्दाम वर ठेवलेली असते, कारण बारीक सोनं उंच वारंवारितेलाच उत्तर देतं. माइनलॅबचं गोल्ड मॉन्स्टर १००० हे ४५ किलोहर्ट्झवर चालतं, गोल्डमास्टर २४के ४८वर, नोक्ताचं गोल्ड क्रूझर ६१वर आणि फिशरचं जुनं गोल्ड बग २ तर ७१वर. यांच्या कॉइलला तांदळाच्या कण्यांएवढं सोनंही सापडतं, ही जाहिरात नव्हे. पण जी वारंवारिता कणीला जागं करते, तीच लाल मातीलाही जागं करते, आणि मशीन बोलत असतानाच ऐकत असल्याने मातीचा आवाज टाळायला त्याला क्षणाचीही उसंत नसते.

गोल्ड मॉन्स्टर या वर्गात सर्वांत कमी डोकेदुखीचं. ग्राउंड बॅलन्स स्वतः धरतं, सेन्सिटिव्हिटीला ऑटो आहे, सोबत ५ इंची गोल आणि १० बाय ६ इंची लंबगोल अशा दोन कॉइल येतात. सौम्य जमिनीवर, ओढ्याच्या कोरड्या पात्रात, उघड्या पडलेल्या खडकाच्या भेगांत, जुन्या खाणींच्या गारगोटीच्या ढिगांवर ते मस्त चालतं. गरम, म्हणजे लोहामुळे गोंगाट करणाऱ्या जमिनीवर (इथले लोक ‘हॉट ग्राउंड’ म्हणतात) ५ इंची कॉइलच लावा. लहान कॉइलखाली माती कमी येते, म्हणून गोंगाटही कमी. खोली थोडी जाते, पण गोंगाटात बुडालेली खोली तशीही उपयोगाची नसते. सेन्सिटिव्हिटी ऑटोवर ठेवूनही बडबड थांबली नाही, तर हाताने एकेक पायरी खाली आणा. सोन्याची शक्यता आणि लोखंडाची शक्यता दाखवणाऱ्या पट्टीवर मात्र विसंबू नका. लाल मातीत खोलवरच्या खड्याचा क्षीण इशारा मातीच्या लोहाने रंगून वर येतो आणि पट्टी बिनदिक्कत ‘लोखंड’ म्हणते. अशा जमिनीत डिस्क्रिमिनेशन (लोखंडाचा इशारा ओळखून गप्प करण्याची सोय) चालू ठेवणं म्हणजे पैसे देऊन सोनं मागे टाकणं.

यावर हमखास विचारलं जातं: २०२३मध्ये व्हिक्टोरियातच ४.६ किलोचा दगड सापडला, त्यात २.६ किलो सोनं निघालं, आणि तो शोधला होता माइनलॅबच्याच इक्विनॉक्स ८००ने. तेही मग व्हीएलएफच ना? बरोबर. पण अडीच किलो सोनं इतकं मोठं लक्ष्य आहे की ते ऐकू यायला मशीन चांगलं असावं लागत नाही, पाय योग्य जागी पडावे लागतात. किंगोअरचा २७ किलोचा ‘हँड ऑफ फेथ’ १९८०मध्ये त्या काळच्या, आजच्या मानाने अगदीच प्राथमिक डिटेक्टरने फूटभर खोलीवरून काढला. मोलिआगुलचा ‘वेलकम स्ट्रेंजर’ १८६९मध्ये डिटेक्टरशिवायच सापडला, जमिनीखाली जेमतेम तीन सेंटिमीटरवर. अशा खड्यांवरून मशीन निवडायचं नसतं. आज जे मिळतं ते दशांश ग्रॅमपासून दोन-चार ग्रॅमपर्यंत, आणि तेही चाळीस वर्षं डिटेक्टरवाल्यांनी पिंजून काढलेल्या पट्ट्यांत. मागच्या मशीनला जे ऐकू आलं नाही, तेच शिल्लक आहे.

म्हणून लाल मातीसाठी पल्स इंडक्शन, म्हणजे पीआय. इथे कॉइल जोराचा स्पंद सोडते, बंद होते, काही मायक्रोसेकंद थांबते आणि मग ऐकते. या थांबण्यातच मॅग्नेटाइट गळून पडतं. मॅगेमाइटचा रेंगाळणारा आवाज मात्र उरतो. तो ठराविक पद्धतीने विरतो हे माहीत असल्याने मशीन दोन वेगवेगळ्या क्षणी ऐकून एकातून दुसरं वजा करतं. त्यातही गोम आहे. ज्या खड्याचा आवाज नेमका मातीच्याच चालीने विरतो, तोही वजाबाकीत नाहीसा होतो. ॲडलेडच्या माइनलॅबने १९९५मध्ये एसडी २००० आणलं ते एकाऐवजी अनेक लांबीचे स्पंद वापरून हे भोक बऱ्याच अंशी बुजवणारं होतं, आणि ऑस्ट्रेलियातल्या छंदाचा नकाशाच बदलला. दुसरी अडचण बारीक सोन्याची. त्याचा आवाज काही मायक्रोसेकंदांतच संपतो. मशीन ऐकायला बसेपर्यंत मैफल उठलेली असते. जुन्या पीआय मशीनकडून कणी सोनं सुटायचं ते यामुळे. पुढच्या प्रत्येक मॉडेलची धडपड कॉइल लवकर शांत करून लवकर ऐकायला बसण्याची आहे.

माइनलॅबचं जीपीएक्स ६००० हे २०२१चं मशीन या धडपडीचं फळ. ११ इंची कॉइलसह वजन २.१ किलो, बॅटरी मशीनमध्येच, पाठीवर दप्तर नाही की खांद्यावरून ओढणारा बंजी पट्टा नाही. हे ऐकायला क्षुल्लक वाटतं. सहा तास कॉइल फिरवल्यावर वाटत नाही. मनगट दुखायला लागलं की कॉइल उचलली जाते, आणि दोन बोटं उचललेली कॉइल म्हणजे दोन बोटं गेलेली खोली. सोबत ११ इंची मोनो (एकच गुंडाळी स्पंद सोडते आणि ऐकते) आणि १४ इंची डबल-डी (सोडायची आणि ऐकायची गुंडाळी वेगळी) अशा दोन कॉइल मिळतात. जमिनीसाठी दोनच पर्याय: नॉर्मल आणि डिफिकल्ट. सेन्सिटिव्हिटी ऑटोवर किंवा हाताने १ ते १०. आधीच्या जीपीएक्स ५०००वर डझनभर गोष्टी जुळवून जमीन साधायला शिकलेल्या जुन्या मंडळींना हे फार कमी वाटतं आणि ते तसं बोलूनही दाखवतात. पण नवशिक्याच्या हातात चुकीचं टायमिंग (जमिनीप्रमाणे निवडायची स्पंदांची मांडणी) लावलेलं ५००० असण्यापेक्षा हे बरं.

सुरू करण्याचा क्रम चुकवू नका. धातूपासून आणि दुसऱ्या डिटेक्टरपासून दूर उभं राहून, कॉइल स्थिर धरून आधी नॉइज कॅन्सल, म्हणजे आसपासचा विजेचा गोंगाट टाळणं. ते पुरतं संपू द्या. मग कॉइल जमिनीवर वर-खाली करत ग्राउंड बॅलन्स. सुरुवात डिफिकल्ट आणि ऑटोने. जमीन शांत लागली तर नॉर्मल करून पाहा. नॉर्मलमध्ये थोडी खोली जास्त मिळते, पण प्रत्येक झोक्याच्या टोकाला आवाज चढत असेल तर परत या. सर्वांत जास्त दिसणारी चूक एकच: सेन्सिटिव्हिटी १०वर टाकणं. गरम जमिनीत १०वरचं मशीन जास्त खोल पाहत नाही, जास्त बोलतं. मागचा आवाज मुंगीच्या चालीसारखा एकसंध होईपर्यंत खाली आणा. त्या एकसंधपणात पडलेली बारीकशी खोट हाच खोलवरचा खडा असतो.

या मशीनला डिस्क्रिमिनेशन नाही, आणि हे आधी नीट मनात उतरवून घ्या. १८५१पासून उकरलेल्या या भागात बुटांच्या टाचेचे खिळे, चौकोनी खिळे, छर्रे, गोळ्यांचं शिसं, बाटल्यांची झाकणं मुबलक. शिसं तर हुबेहूब सोन्यासारखं वाजतं. सगळं उकरावं लागतं. याची चीड येणाऱ्याने हे महागडं मशीन घेऊ नये.

डबल-डी कॉइलचा उपयोग दोन ठिकाणी. विजेच्या तारांजवळ मोनो कॉइल चिवचिवते, तेव्हा हिच्या साहाय्याने तो उपद्रव वजा करता येतो; आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या खाऱ्या तळ्यांच्या काठी, जिथे ओलं मीठ स्वतःच वीज वाहतं, तिथे तो सूर दाबता येतो. दोन्हीत बारीक सोन्याची किंमत मोजावी लागते. एरवी मोनोच. ६०००साठी कॉइल बनवणाऱ्या कॉइलटेक कंपनीच्या गोल्डहॉक मालिकेत १० बाय ५ इंची लंबगोल कॉइल मिळते. झुडपांच्या बुंध्यांतून आणि खडकाच्या सांदीतून ती जाते तिथे ११ इंची जात नाही. दुसरी कॉइल घ्यायचीच असेल तर आधी ही, १७ इंची मोठी नंतर. मोठी कॉइल खोल जाते खरी, पण कणी सोन्यावरून ती हत्तीसारखी चालते.

माइनलॅबचंच जीपीझेड ७००० याहून खोल जातं, विशेषतः ग्रॅमच्या वरच्या खड्यांवर. वजन तीन किलोंच्या वर, बरोबर पट्टा हवाच, आणि किंमतही वरची. आठवडेच्या आठवडे रानात काढणाऱ्यांचं ते मशीन, शनिवार-रविवारवाल्यांचं नव्हे. त्यांचंच एसडीसी २३०० याच्या अगदी उलट टोकाला. ८ इंची कॉइल कायमची जोडलेली, सगळं घडी होऊन पिशवीत मावतं, ३ मीटरपर्यंत पाण्यात चालतं, साधे सी सेल घातले की झालं. उथळ खडकावर, जिथे माती वीतभरच आहे, तिथे ते बारीक सोनं भन्नाट उचलतं. खोल मातीत त्याची लहान कॉइल थकते. गॅरेटचं २०२२चं ॲक्सिअम हलकं आहे, कॉइल बदलता येतात आणि जमिनीशी जुळवायला हाताशी जास्त बटणं देतं. ज्यांना स्वतः जुळवायला आवडतं त्यांनी ते एकदा हातात घेऊन पाहावंच.

पैसे कमी असतील तर? नव्या व्हीएलएफवर पैसे घालण्यापेक्षा थोडी कळ काढून जुनं जीपीएक्स ४५०० किंवा ५००० घ्या, निदान लाल मातीपुरतं तरी. बॅटरी पाठीवर, वायरींचा गुंता, हे सोसावं लागतं. पण कॉइलटेक आणि नगेट फाइंडरच्या हलक्या, सपाट गुंडाळीच्या नव्या कॉइल लावल्या की ही जुनी मशीन बारीक सोन्यावर आश्चर्यकारक सुधारतात. यांचा सूरही शिकण्यासारखा आहे. लहान किंवा सपाट खड्यावर आवाज आधी चढतो आणि मग उतरतो; मोठ्या, जाड खड्यावर आधी उतरतो आणि मग चढतो. उतरून चढणारा सूर कानावर आला की बहुतेक वेळा मोठं लोखंड निघतं, तरी उकरायचं टाळू नये. वर सांगितलेला मोठा, जाड खडाही त्याच सुरात बोलतो.

जुनं मशीन घेताना पहिला धोका नकलीचा. जीपीएक्स ४५०० आणि ५०००च्या हुबेहूब नकला बाजारात फिरतात. दिसायला तंतोतंत, आतून भलतंच. मालिका क्रमांक कंपनीकडून पडताळल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि ‘दुबईहून मागवलंय, पेटी नवीकोरी’ हे ऐकलं की दोन पावलं मागे. मग कॉइलची वायर जोडणीपाशी हळूच हलवा: आवाज फुटला तर तार आत तुटते आहे. कॉइलवर बोटाने टिचकी मारा. मोठ्याने ओरडली तर तिची आतली गुंडाळी सैल झालेली. तळाचं प्लॅस्टिकचं आवरण काढून पाहा. त्यात साठलेली लाल माती हे खोट्या इशाऱ्यांचं सर्वांत सामान्य आणि सर्वांत फुकटात दुरुस्त होणारं कारण आहे. पुसा, कडेने टेप लावा. वायर दांड्याला घट्ट गुंडाळलेली हवी, लोंबती नको.

खरी चाचणी जमिनीत. पाव ग्रॅमच्या आसपासचा खडा प्लॅस्टिकच्या चकतीला चिकटवून न्या. खड्डा करून पुरून वर माती लोटली तर चाचणी फसते, कारण उकरलेली माती मशीनला न उकरलेल्या मातीपेक्षा वेगळी वाजते. बाजूने तिरकं, काठीएवढं भोक पाडा आणि चकती त्यातून आत सरकवा, म्हणजे खड्याच्या डोक्यावरची माती जशीच्या तशी राहते. प्रथम पाच सेंटिमीटर, मग दहा. दोन मशीन तपासायची असतील तर एक बंद करा, किंवा निदान तीस-चाळीस मीटर दूर न्या. शेजारी चालू असलेली दोन मशीन एकमेकांना वेडं करतात.

चालवताना कॉइल जमिनीला घासत, सपाट, आणि सावकाश. दीड मीटरचा एक झोका तीन-चार सेकंदांचा. टोकाला मनगट वळून कॉइल उचलली गेली की लाल माती तिथे खोटा सूर देते आणि पुढचा अर्धा तास तोच खड्डा उकरण्यात जातो. पुढच्या झोक्यात मागच्याची निम्मी वाट पुन्हा यायला हवी, कारण मोनो कॉइलची नजर खाली शंकूसारखी निमुळती होत जाते. स्टीलच्या टोकाचे बूट घालू नका. फोन बंद, किंवा गाडीत.

इशारा मिळाला की आडवं आणि उभं फिरवून फुलीची जागा ठरवा. मग पायाने वरची दोन-तीन सेंटिमीटर माती बाजूला करा. आवाज सरकला किंवा गेला तर छर्रा किंवा खिळा. कुदळीच्या मुठीशी बांधलेल्या चुंबकाने खिळा उचला (शिशाचा छर्रा चुंबकाला चिकटत नाही) आणि खिशात टाका, तिथेच फेकू नका. आवाज वाढला तर खाली जा. रुंद, अस्पष्ट आणि कॉइल जराशी उचलताच मावळणारा सूर हॉट रॉकचा असतो: लोहाने गच्च भरलेला दगड, आजूबाजूच्या मातीहून वेगळा. तो काढून कॉइलवरून फिरवा, ओळख पटते, पुढचे असे दगड कानाने सोडता येतात. खालची माती प्लॅस्टिकच्या स्कूपमध्ये घ्या, कॉइलवरून न्या, निम्मी टाका, पुन्हा न्या. लोखंडी खुरपं यासाठी चालत नाही. कुदळीचा घाव थेट इशाऱ्यावर घालू नका. ओरखडा पडलेल्या खड्याला संग्राहक तुकड्याचा भाव देत नाहीत.

व्हिक्टोरियात यासाठी ‘मायनर्स राइट’ हा परवाना लागतो. तो दहा वर्षांसाठी मिळतो आणि सरकारी जमिनीवर हातहत्यारांनी शोधण्याची मुभा देतो. राष्ट्रीय उद्यानांत बहुतेक ठिकाणी मनाई, खासगी जमिनीवर मालकाची परवानगी, खड्डे बुजवणं सक्तीचं. पश्चिम ऑस्ट्रेलियाचा परवाना वेगळा काढावा लागतो. भारतात मात्र हे मशीन नेऊन हा छंद करता येईल या भ्रमात राहू नका. १९५७च्या खाण कायद्याने परवान्याशिवाय खनिज शोधायलाच बंदी आहे.

इतके पैसे घालण्याआधी सोन्याच्या गावांतल्या दुकानांतून मशीन दिवसाच्या भाड्याने मिळतं का ते विचारा. दोन दिवसांचं भाडं द्या आणि पहिला दिवस सोनं शोधण्यात घालवू नका. एकाच तीस पावलांच्या पट्ट्यात फिरा, तिरक्या भोकातल्या आपल्या खड्यावरून शंभर वेळा जा, दोन्ही जमीन-पर्याय आणि सगळ्या सेन्सिटिव्हिटी ऐका. जिथे तो खडा शेवटचा ऐकू येतो ती खोली वहीत लिहा आणि दुसऱ्या दिवशी दुसरं मशीन घेऊन त्याच भोकापाशी परत या.